ज्यूल व्हर्न वर्गात वाचताना

ज्यूल व्हर्नच्या वाचकाला त्याची आवडती कादंबरी विचारली, तर उत्तर बहुधा चार-पाच नावांतूनच येते. कोणाला कॅप्टन नेमोची पाणबुडी आठवते, कोणाला ऐंशी दिवसांची पैज, कोणाला चंद्राकडे झाडलेला तोफेचा गोळा, तर कोणाला पृथ्वीच्या पोटात उतरणारा तिरसट प्राध्यापक. थोडे अधिक वाचलेली मंडळी निर्जन बेटावर अडकलेल्या पाच माणसांची गोष्ट पुढे करतात. व्हर्नने पन्नासहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या बहुतेक आज फ्रान्समध्येही फारशा वाचल्या जात नसतील. पण या चार-पाच कादंबऱ्या दीडशे वर्षांनंतरही जगभर वाचल्या जातात. मराठीत भा. रा. भागवतांनी व्हर्न आणला आणि मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. या कादंबऱ्या मराठीत निरनिराळ्या नावांनी आल्या आहेत. येथे आम्ही त्यांचा उल्लेख मूळ नावाच्या अर्थाने केला आहे.

व्हर्नविषयी लिहिताना 'द्रष्टा' हा शब्द हमखास येतो. त्याने पाणबुडी आधी पाहिली, चंद्रप्रवास आधी पाहिला, आणि पुढे ते सारे खरे झाले, असे आपण मुलांना सांगतो. मुले आश्चर्याने ऐकतात आणि विसरून जातात. आमचे म्हणणे असे की विज्ञानशिक्षकाला व्हर्नचा खरा उपयोग दुसरीकडेच आहे. व्हर्नची पात्रे आपला हिशेब वाचकापुढे मांडतात. हिशेब मांडलेला असल्यामुळे तो तपासता येतो, आणि तपासला की कित्येक ठिकाणी तो चुकलेला सापडतो. या चुका पकडता येणे हीच व्हर्नची शिक्षकाला मोठी देणगी आहे. वाचकांच्या आवडीच्या पाच कादंबऱ्या या दृष्टीने पुन्हा वाचून पाहू.

मासिकातला लेखक

व्हर्न वैज्ञानिक नव्हता. १८२८ साली फ्रान्समधील नांत या बंदराच्या गावी त्याचा जन्म झाला. तो कायदा शिकला, नाटके लिहिली, काही काळ शेअर बाजारात काम केले. १८६३ मध्ये बलूनमधून आफ्रिका ओलांडण्याची त्याची कादंबरी गाजली आणि पिएर-ज्यूल हेत्झेल या प्रकाशकाने त्याला बांधून घेतले. हेत्झेलने १८६४ मध्ये झाँ मासे या शिक्षणतज्ज्ञाबरोबर मुलांसाठी एक मासिक सुरू केले. त्याच्या नावातच 'शिक्षण' आणि 'मनोरंजन' हे दोन्ही शब्द होते. नेमोची आणि बेटाची कादंबरी या मासिकातूनच क्रमशः आली. भूगोल, भूविज्ञान, भौतिकी, खगोलशास्त्र यांतील त्या काळचे ज्ञान गोष्टीतून मुलांपर्यंत पोचवायचे, अशी या मालिकेची जाहीर प्रतिज्ञा होती. म्हणजे आज ज्याला आपण विज्ञानकथेचा जनक म्हणतो तो आपल्यासारख्याच एका शैक्षणिक मासिकाचा लेखक होता. पुस्तके, नियतकालिके चाळायची, टिपणे काढायची आणि ती गोष्टीत गुंफायची, ही त्याची पद्धत.

पाणबुडी: खोली की अंतर?

'समुद्राखाली वीस हजार लीग' (१८७०) ही बहुधा सर्वांत लाडकी कादंबरी. तिच्या नावापासूनच वर्गात प्रश्न विचारता येतो. वीस हजार लीग म्हणजे काय? पुष्कळ मुले, आणि मोठी माणसेही, ही समुद्राची खोली समजतात. व्हर्नचा लीग ४ किलोमीटरचा. म्हणजे वीस हजार लीग झाले ८०,००० किलोमीटर. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४० किलोमीटर. एवढी खोली कोठून आणणार? हे पाण्याखालून कापलेले अंतर आहे, पृथ्वीला जवळजवळ दोन प्रदक्षिणा. एका गुणाकाराने नावाचा अर्थ लागतो.

पाणबुडी व्हर्नच्या डोक्यातून निघाली, हेही खरे नाही. रॉबर्ट फुल्टनने १८०० साली फ्रान्समध्येच 'नॉटिलस' नावाची पाणबुडी बांधली होती. १८६३ मध्ये फ्रेंच नौदलाने दाबलेल्या हवेवर चालणारी पाणबुडी पाण्यात उतरवली. व्हर्नने केले ते एवढेच, की त्या वेळच्या लहान, धोकादायक यंत्राला ७० मीटर लांबीचे, विजेवर चालणारे घर करून टाकले. त्यासाठी त्याने आकडे दिले: लांबी, रुंदी, आकारमान, पत्र्याची जाडी. प्राध्यापक आरोनाक्सला नेमो आपली पाणबुडी समजावून सांगतो ते प्रकरण म्हणजे आर्किमिडीजच्या तत्त्वावरचा धडाच आहे.

मात्र हेच प्रकरण इंग्रजीत गेले तेव्हा काय झाले पाहा. १८७२ च्या, पुढे शंभर वर्षे खपत राहिलेल्या इंग्रजी भाषांतरात पोलादाची घनता पाण्याच्या ०.७ ते ०.८ पट दिली आहे. मूळ फ्रेंचमध्ये ती ७.८ आहे. भाषांतरकाराने 'सात, आठ दशांश' हे शब्द वाचले आणि दशांशचिन्हाचा घोटाळा केला. ०.७ घनतेचे पोलाद लाकडासारखे पाण्यावर तरंगेल! या भाषांतरात मूळ मजकुराचा सुमारे पाचवा हिस्सा गाळलेलाही आहे, आणि त्यात विज्ञानाचा भाग बराच आहे. इंग्रजी वाचकांनी व्हर्नला कितीतरी वर्षे 'पोरांसाठी लिहिणारा, विज्ञानात कच्चा' म्हणून हिणवले. त्यातल्या पुष्कळ चुका व्हर्नच्या नव्हत्याच.

व्हर्नच्या स्वतःच्या चुका वेगळ्या आहेत. नॉटिलस १६,००० मीटर खोल उतरते आणि तिच्यावर १६०० वातावरणांइतका दाब पडतो, असे तो लिहितो. दर १० मीटरला एक वातावरण, हा हिशेब बरोबर आहे. पण समुद्र एवढा खोल नाही. सर्वांत खोल जागा पॅसिफिकमधील मारियाना गर्तेत असून तिची खोली सुमारे १०,९०० मीटर आहे. व्हर्नने लिहिले तेव्हा 'चॅलेंजर' जहाजाची सागरसंशोधनाची मोहीम (१८७२ ते १८७६) निघालीही नव्हती. रीत बरोबर, दिलेली माहिती चुकीची, असे हे उदाहरण. अशा उत्तराला आपण किती गुण देतो, याचा विचार व्हायला हवा.

ऐंशी दिवस आणि एक चुकलेली तारीख

'ऐंशी दिवसांत जगाची सफर' ही १८७२ च्या अखेरीस एका दैनिकातून क्रमशः येत होती, आणि गोष्टही त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबर ते २१ डिसेंबर या काळात घडते. ही कल्पना त्याच वेळी सुचावी याला कारण होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, त्याच वर्षी अमेरिकेत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत रेल्वे पोचली, आणि मार्च १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग जबलपूरमार्गे पुरा झाला. या तीन दुव्यांनी पृथ्वी लहान झाली. कादंबरीतले वेळापत्रक फळ्यावर मांडता येते: लंडन ते सुएझ ७ दिवस, मुंबई १३, कलकत्ता ३, हाँगकाँग १३, योकोहामा ६, सॅन फ्रान्सिस्को २२, न्यूयॉर्क ७, लंडन ९. बेरीज ऐंशी.

आपल्याकडच्या वाचकाला यातला मुंबईचा भाग गमतीचा वाटतो. फॉगचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, पुजाऱ्यांचा मार खातो, बूट गमावतो आणि पुढे बऱ्हाणपूरच्या स्टेशनात सपाता विकत घेतो. पण अलाहाबादच्या अलीकडे लोहमार्ग अपुरा असल्याने फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो, हे मात्र १८७२ साली खरे नव्हते. गाडी तर दोन वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. हत्ती हवा होता म्हणून व्हर्नने रूळ उखडले, असे म्हणू या.

कादंबरीचा खरा जीव शेवटात आहे. फॉगला वाटते आपण पैज हरलो. प्रत्यक्षात तो एक दिवस आधी पोचलेला असतो. पूर्वेकडे जाताना दर अंशाला ४ मिनिटे दिवस लहान होतो. ३६० अंशांना १४४० मिनिटे, म्हणजे पुरते २४ तास. मुंबईचे रेखावृत्त सुमारे ७२.८ अंश पूर्व, म्हणून मुंबईची स्थानिक वेळ लंडनच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे. पासपार्तू आपले घड्याळ सबंध प्रवासात लंडनच्या वेळेवर ठेवतो आणि ते बरोबर असल्याचा अभिमान बाळगतो. रेखावृत्त आणि वेळ यांचा पाठ शिकवायला इतके चांगले पात्र दुसरे सापडणार नाही.

आता यातली फट. फॉगच्या वहीत पॅसिफिक ओलांडल्यानंतर एक दिवस जास्त मोजला गेला आहे. ११ डिसेंबरच्या रात्री तो न्यूयॉर्कला पोचतो आणि जहाज पाऊण तासापूर्वीच सुटल्याचे त्याला कळते. पण फॉगच्या वहीत ११ असेल तर न्यूयॉर्कच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत १० असायला हवी! म्हणजे जहाज अजून धक्क्यालाच असणार. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोपासून न्यूयॉर्कपर्यंत सात दिवसांत एकदाही त्याने वर्तमानपत्रावरची तारीख पाहिली नाही का? नववीच्या वर्गात हा प्रश्न टाका. ज्या मुलांना हे उमगेल त्यांना आंतरराष्ट्रीय वाररेषा पुन्हा शिकवावी लागणार नाही.

तोफेतून चंद्राकडे

'पृथ्वीवरून चंद्राकडे' (१८६५) आणि तिचा उत्तरभाग 'चंद्राभोवती' (१८७०) यांच्यावरच 'द्रष्टा' या शब्दाचा सर्वांत मोठा भार आहे. तीन माणसे, फ्लोरिडातून उड्डाण, पॅसिफिकमध्ये पुनरागमन: डिसेंबर १९६८ च्या अपोलो ८ शी हे सारे जुळते. योगायोग सुंदर आहे. पण कारणे पाहा. व्हर्नला फ्लोरिडा हवे होते कारण चंद्र बरोबर डोक्यावर येतो असे ठिकाण विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस २८ अंशांच्या आतच सापडते, आणि त्याला तोफ सरळ वर रोखायची होती. अमेरिकेच्या अवकाशसंस्थेने फ्लोरिडा निवडले ते पृथ्वीच्या परिवलनाचा वेग फुकट मिळावा आणि पूर्वेकडे मोकळा समुद्र असावा म्हणून. उत्तर तेच, रीत निराळी. परीक्षेत अशी वही आली तर आपण शेजारच्या वहीकडे पाहतो.

व्हर्नने खरोखर बरोबर मांडले ते वेगाचे गणित. पृथ्वीचे आकर्षण तोडून चंद्रापर्यंत जायचे तर सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग हवा, हे त्याने आपल्या नात्यातल्या गणितज्ञाच्या, आंरी गार्सेच्या, मदतीने काढले. आजही मुक्तिवेग ११.२ किलोमीटर असेच आपण शिकवतो.

पण हा वेग तो देतो तोफेत. तोफेची लांबी ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर. अकरावीचे सूत्र घ्या: अंतिम वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. ११,००० चा वर्ग भागिले ५४८. त्वरण येते सुमारे २,२०,००० मीटर प्रति सेकंद वर्ग. हे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २२,५०० पट झाले. ४० किलो वजनाच्या विद्यार्थ्याला त्या क्षणी आपले वजन ९०० टन वाटेल. सात-आठ रेल्वे इंजिने एकावर एक रचून अंगावर ठेवावीत तसे. व्हर्नने धक्का शोषण्यासाठी प्रवाशांच्या पायाखाली पाण्याची गादी ठेवली आहे. तिचा काय उपयोग होणार! अंतराळवीरांना उड्डाणात तीन-चार पट भार सोसावा लागतो तरी त्यांना आडवे निजवावे लागते.

हे गणित आमच्याआधी दोन मुलांनी केले होते. ट्रान्सिल्व्हानियातला हेर्मान ओबेर्थ अकरा-बारा वर्षांचा असताना आईने त्याला व्हर्नची चंद्राची पुस्तके दिली. त्याने ती पुन्हा पुन्हा वाचली, वेगाचा हिशेब तपासला, तोफेत माणसांचा चुराडा होईल हे ओळखले आणि मग रॉकेटकडे वळला. १९२३ मध्ये त्याचे ग्रहांकडे जाणाऱ्या रॉकेटवरचे पुस्तक निघाले. रशियात कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोवस्कीला लहानपणी बहिरेपण आले आणि तो पुस्तके वाचूनच शिकला. अवकाशप्रवासाचे बीज आपल्या मनात व्हर्नने पेरले, असे त्यानेच नोंदवून ठेवले आहे. १९०३ मध्ये त्याचा रॉकेटवरचा निबंध प्रसिद्ध झाला. एकदम धक्का देण्याऐवजी इंधन हळूहळू जाळीत वेग वाढवायचा, हे तोफेच्या चुकीवरचे उत्तर. आणि हे दोघेही उपजीविकेसाठी काय करीत होते? शाळेत शिकवत होते. त्सिओल्कोवस्की कालुगा या गावी गणित आणि भौतिकीचा मास्तर होता, तर ओबेर्थ मेडिआश गावच्या शाळेत शिकवत होता. व्हर्नला द्रष्टा म्हणून नुसती टाळी वाजवली असती तर या दोघांना पुढे काही करायचे उरले नसते.

या कादंबरीतली दुसरी चूक आम्हाला अधिकच आवडते. व्हर्नचे प्रवासी वजनरहित होतात ते एकाच बिंदूपाशी, जेथे पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ सारखी होते तेथे. बाकी सर्व वाटेत ते जमिनीवर उभे राहिल्यासारखे वावरतात. पण याच पुस्तकात त्यांचा एक कुत्रा मरतो आणि ते त्याला खिडकीतून बाहेर टाकतात. पुढे पाहतात तो कुत्र्याचे कलेवर यानाच्या शेजारून त्याच वेगाने चालले आहे! हे अगदी बरोबर आहे. आता मुलांना विचारा: बाहेरचा कुत्रा यानाबरोबर तरंगत जातो, तर आतला माणूस जमिनीला का चिकटून राहील? आत आणि बाहेर यांत फरक काय? उत्तर व्हर्नच्या हातात होते, पण त्याने ते उचलले नाही. इंजिन बंद असताना यान आणि त्यातले सर्व काही एकत्रच पडत असते, आणि म्हणून सर्व वाटभर वजन जाणवत नाही, हे आमच्या पाहण्यात याहून सोप्या रीतीने कोणत्याच पाठ्यपुस्तकात आलेले नाही.

पृथ्वीच्या पोटात

'पृथ्वीच्या मध्याकडे प्रवास' (१८६४) विज्ञान म्हणून आज सर्वांत अधिक जुनी झालेली कादंबरी. आइसलँडच्या ज्वालामुखीतून उतरायचे आणि इटलीजवळच्या स्ट्राँबोलीतून वर यायचे, हे शक्य नाही. तरी तिच्यात एक वाद वाचण्यासारखा आहे. पुतण्या आक्सेल म्हणतो, खाली जावे तसे तापमान ठरावीक दराने वाढते, मग मध्यावर सर्व वायुरूपच असेल. काका लिडेनब्रोक म्हणतो, हा दर पुढेही तसाच राहील कशावरून?

निष्कर्षात काका चुकला, पण प्रश्न त्याचाच बरोबर होता. भूकवचात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस वाढ होते. ती रेषा सरळ ६,३७१ किलोमीटरपर्यंत ओढली तर मध्यावर पावणेदोन लाख अंशांच्या आसपास तापमान येईल. आज शास्त्रज्ञ ते पाच-सहा हजार अंश मानतात, कारण खोलवर प्रावरणातले पदार्थ स्वतःच सावकाश वर-खाली सरकून उष्णता वाहून नेतात आणि वाढीचा दर मंदावतो. माणसाने खोदलेले सर्वांत खोल भोक रशियातील कोला द्वीपकल्पावरचे, १२,२६२ मीटरचे. तेथेच सुमारे १८० अंश तापमान लागले. आलेखाची रेषा पुढे किती ओढावी, हा विज्ञानातला कायमचा प्रश्न आहे आणि तो येथे दोन पात्रांच्या भांडणातून येतो.

आमची निवड: गूढ बेट

मुलांची पहिली पसंती नेमोच्या पाणबुडीला असेल. शिक्षकाने मात्र 'गूढ बेट' (१८७४-७५) हाती घ्यावे. पाच माणसे आणि एक कुत्रा बलूनमधून निर्जन बेटावर येऊन पडतात. रॉबिन्सन क्रूसोला बुडालेल्या जहाजातून सामान तरी मिळाले होते. या मंडळींनी हवेत राहण्यासाठी होते नव्हते ते सारे समुद्रात फेकले आहे. उरते ते डोक्यातले.

अभियंता सायरस स्मिथ दोन घड्याळांच्या काचा घेतो, त्यांच्यामध्ये पाणी भरतो, कडा चिकणमातीने बंद करतो आणि या भिंगाने विस्तव पेटवतो. कड्याची उंची मोजायला तो जमिनीत एक काठी पुरतो. काठी जमिनीवर १० फूट. जमिनीवर आडवे होऊन काठीचे टोक आणि कड्याचे टोक एका रेषेत दिसेल अशी जागा तो शोधतो. तेथून काठी १५ फुटांवर, कड्याचा पायथा ५०० फुटांवर. पंधरा वर्षांच्या हर्बर्टला तो समरूप त्रिकोण आठवायला लावतो. १५ ला ५००, तर १० ला किती? ३३३ फूट. पुढे वार्ताहराच्या घड्याळावरून तो रेखांश काढतो. हे घड्याळ अमेरिकेतल्या वेळेवर चालू राहिलेले. बेटावर मध्यान्ह झाली तेव्हा त्यात पाच वाजून एक मिनिट झाले होते. तासाला १५ अंश, म्हणजे वॉशिंग्टनच्या पश्चिमेस सुमारे ७५ अंश. वॉशिंग्टन ७७ अंश पश्चिम. बेट सुमारे १५२ अंश पश्चिमेला. आणि दिवस निवडला १६ एप्रिल, कारण सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ जुळते अशा वर्षातल्या चार दिवसांपैकी तो एक. पासपार्तूने हट्टाने जे केले तेच येथे समजून-उमजून केले आहे.

हर्बर्टच्या अंगरख्याच्या अस्तरात गव्हाचा एक दाणा सापडतो. अभियंता हिशेब करतो: एका दाण्याला १० कणसे, प्रत्येकात ८० दाणे, म्हणजे ८००. दुसऱ्या पिकाला ६,४०,०००. तिसऱ्याला ५१ कोटी २० लाख. चौथ्याला चारशे अब्जांहून अधिक. घातांक शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. पण आपण एक पाऊल पुढे जावे. हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरले, तर चौथे पीक १६,००० टनांच्या वर जाते. हेक्टरी ३ टन उत्पन्न धरले तरी पाच हजारांहून अधिक हेक्टर जमीन हवी. नांगरायला माणसे पाच! एकही दाणा पाखराने खाल्ला नाही, एकही कुजला नाही असेही गृहीत धरले आहे. गुणाकार बरोबर असूनही उत्तर अशक्य का ठरते, ही चर्चा लोकसंख्येच्या पाठापर्यंत नेता येते.

हीच मंडळी पायराइटपासून गंधकाम्ल, सोऱ्यापासून नत्राम्ल आणि समुद्रगाईच्या चरबीपासून ग्लिसरीन करून शेवटी स्फोटक बनवतात. ही साखळी फळ्यावरच ठेवावी, प्रयोगशाळेत नेऊ नये, हे सांगायला नको.

कात्री कोठे लागते

एवढे वाचल्यावर शाळेच्या कपाटातले पुस्तक उघडावे. आमच्या पाहण्यात आलेल्या एका संक्षिप्त आवृत्तीत कड्याच्या प्रसंगाचे एकच वाक्य झाले आहे: अभियंत्याने कड्याची उंची मोजली. कशी मोजली, हे गेले. दाण्याचा हिशेब गेला, घड्याळही गेले. ज्वालामुखी आणि चाचे मात्र शाबूत आहेत. पाने कमी करायची म्हणजे काही गाळावेच लागते, हे आम्हालाही कळते. पण गोष्टीचा वेग वाढवण्यासाठी नेमके जे विचार करायला लावते तेच काढले, तर उरलेला व्हर्न इतर साहसकथांसारखाच होतो.

कात्री नेहमीच निरागस नसते. बेटाच्या शेवटी नेमो आपली ओळख सांगतो. तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर. १८५७ च्या उठावात लढलेला, त्यात सर्वस्व गमावलेला. १८७५ च्या इंग्रजी भाषांतरात ब्रिटिश सत्तेवरचा त्याचा रोष बदलून पार मवाळ केला गेला, आणि अभियंत्याचे आडनावही स्मिथचे हार्डिंग झाले. मूळ आराखड्यात नेमो पोलंडचा आणि त्याचा शत्रू रशिया होता. रशियातला खप जाईल म्हणून हेत्झेलने ते नाकारले. म्हणजे प्रकाशकाने त्याचे एक राष्ट्र काढून घेतले आणि भाषांतराने दुसऱ्या राष्ट्राचा आवाज दाबला.

तरी व्हर्नला हिंदुस्थान नीट कळला होता असेही नाही. बुंदेलखंडचा हा राजपुत्र त्याने म्हैसूरच्या टिपूचा पुतण्या करून टाकला आहे! टिपू १७९९ मध्येच मारला गेला होता. आफ्रिकेतल्या माणसांविषयी बलूनच्या कादंबरीत त्याने जे लिहिले ते आज वाचवत नाही. बेटावरचा नेब हा गुलामीतून मुक्त झालेला कृष्णवर्णीय शूर आहे, निष्ठावंत आहे. पण स्वयंपाकघर काही त्याला सुटत नाही. स्त्रिया तर या पुस्तकांत जवळजवळ नाहीतच. फॉगने सतीच्या चितेवरून सोडवलेली आऊदाही फारसे बोलत नाही. हे दोष मुलांपासून लपवू नयेत. ज्या मुलाने तोफेचे त्वरण तपासले आहे ते या गोष्टीही तपासू शकते.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. मैदानावर एक काठी पुरून शाळेच्या इमारतीची किंवा नारळाच्या झाडाची उंची सायरस स्मिथच्या रीतीने मोजावी. चार गटांची उत्तरे वेगळी येतील; ती का वेगळी आली यावर बोलावे.

२. आपल्या गावाचे रेखांश घेऊन स्थानिक मध्यान्ह घड्याळात किती वाजता होईल ते काढावे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची आहे, एवढे सांगितले की पुरे. १५ किंवा १६ एप्रिलला सावलीवरून पडताळा घ्यावा.

३. फॉगच्या वहीतल्या तारखा आणि त्या त्या गावच्या तारखा दोन रकान्यांत लिहून काढाव्यात.

४. वाचनाच्या तासाला मुलांना आवडती कादंबरी विचारावी आणि तिच्यातले आकडा असलेले एक पान शोधून आणायला सांगावे. तो आकडा बरोबर आहे का, हा त्या आठवड्याचा गृहपाठ. शाळेतल्या प्रतीत असे पान सापडलेच नाही, तर पूर्ण आवृत्ती मागवण्याची चिठ्ठी मुलांनीच मुख्याध्यापकांना लिहावी.